क्रियापद

केमीत डिसेंबरचा उजेड तीनेक तासांसाठी येतो,
घाईतल्या पाहुण्यासारखा, बूटही न काढता.
बाकीचा दिवस आम्हाला पडद्यावरची हिरवी अक्षरं पुरायची.

यिर्की कॅसेट सरकवायचा, खटका दाबायचा,
मग वीस मिनिटं ती खरखर.
चर्चमध्येही आम्ही कधी इतके गप्प बसलो नव्हतो.
अठराव्या मिनिटाला एखाद वेळी सगळं कोसळायचं
आणि पेन्सिल घालून फीत परत गुंडाळावी लागायची.

चित्र एकही नव्हतं. नुसती वाक्यं,
तीही इंग्रजीत, आणि इंग्रजी आम्हाला येत नव्हतं.
मांडीवर शाळेतला लाल शब्दकोश.
त्या भाषेत 'कंदील' मला 'आई'च्या आधी आला,
'भुयार' 'खिडकी'च्या आधी,
आणि 'गंजलेला' इतक्यांदा शोधला
की त्या पानाची कड काळी पडली.

बाबा बंदरावरून खराब झालेल्या रोलचा कागद आणत.
स्वयंपाकघरात तो चुलीपासून दारापर्यंत पसरायचा:
चूल म्हणजे उत्तर.
मी चौकोन काढायचे, यिर्की बाण.
उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलं
तरी माणूस निघाल्या जागी पोचतोच असं नाही,
हे मला अकराव्या वर्षी, रांगताना कळलं.
आई भांडी घेऊन दलदलीवरून ओलांडून जायची.

दीपगृहाच्या तळाशी लोखंडी जाळी होती.
उघड. *उघडत नाही.*
ढकल. *काहीच होत नाही.*
ओढ. तोड. चाव. विनव.
*हे क्रियापद मला ठाऊक नाही.*
यिर्कीने बंदरावर ऐकलेली एक शिवी टंकली.
*असं बोलू नये,* खेळ म्हणाला.
शिवी त्याला बरोबर कळत होती!

जानेवारी गेला. फेब्रुवारीत खाडीचा बर्फ
ट्रक पेलण्याइतका जाड झाला.
मी वर्गातही ओठांत क्रियापदं घोळवायचे.

मग एका पहाटे बाबा रात्रपाळीवरून आले.
ओले हातमोजे रेडिएटरवर टाकले असतील,
कॉफी ओतली असेल.
आम्ही उठलो तेव्हा मशीन चालू होतं,
कपाचं ओलं वर्तुळ टेबलावर,
आणि पडद्यावर एकच शब्द, एका बोटाने शोधत लिहिलेला:
हॉइस्ट.
क्रेनच्या पाटीवर ते बावीस वर्षं वाचत आले होते तो.
*साखळी करकरते. जाळी वर जाते.*

दोन दिवस यिर्की त्यांच्याशी बोलला नाही.
जाळी आमची होती.
बाबांना वाटलं, त्याचे दात दुखताहेत.

वर एकशे चार पायऱ्या. वर म्हातारा दीपरक्षक.
त्याने मीठ मागितलं.
मीठ!
ते पहिल्याच खोलीत होतं, फळीवर, चिमूटभर,
आणि 'याचं काय करायचं' म्हणून आम्ही तिथेच ठेवलं होतं.
मधला पूल आमच्या पाठीमागे पडला होता नोव्हेंबरातच.
म्हणजे नोव्हेंबरपासून आम्ही हरलेलेच होतो,
आणि खेळाने चकार शब्द काढला नाही.
नम्रपणे विचारत राहिला: *आता काय करशील?*

कागद गुंडाळून माळ्यावर गेला. यिर्की आइसब्रेकरवर.
मी तुर्कूत दुभाषी आहे;
अजूनही कुठलं क्रियापद अडलं की
माझे गुडघे थंड फरशीवर टेकल्यासारखे होतात.

मागच्या जुहानुसला सॉनाच्या पायरीवर
तिघं थंड होत बसलो होतो.
मध्यरात्रीचं ऊन, डास.
बाबा एकदम म्हणाले,
"त्या जाळीच्या वर होतं काय शेवटी?"

यिर्कीने दंडावरचा डास मारला. पुसला.
"एक म्हातारा," तो म्हणाला. "त्याला मीठ हवं होतं.
आमच्याकडे नव्हतं."

बाबा हसले नाहीत.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
"मग," ते म्हणाले,
"परत जाऊन आणायचं की."